मंजुळाचा गळा, बर्वेबाईंचा गळा

(अंबाजोगाईला तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलं आहे.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या पोरींनो, तुम्ही जरा पुढं सरका. आजचं बोलणं तुमच्याचसाठी जास्त आहे.

तुम्ही म्हणाल, हा गोदीतला हमाल, दहावी शिकलेला, कविता करतो ते ठीक, पण याला नाटकातल्या नटीचं काय पडलंय? त्यात आडनाव बर्वे. पांढरपेशांची लाडकी. तिचे गोडवे गायला त्यांची वर्तमानपत्रं आहेत, दिवाळी अंक आहेत. आपल्या बैठकीत तिचं काय काम?

काम आहे. मी गोडवे गायला उभा नाही. मला एका गळ्याचा हिशेब मांडायचा आहे. तो हिशेब आपल्या जिभेशी येऊन थांबतो.

आधी बाई कोण ते सांगतो, कारण इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा जन्म ती गेल्यावरचा आहे. भक्ती बर्वे. जन्म १० सप्टेंबर १९४८, सांगली. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरच्या बालनाट्यांतून सुरुवात. मग आकाशवाणीवर निवेदिका. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तिथं मराठी बातम्या वाचायच्या. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांचं 'ती फुलराणी' आलं आणि बाईंचं नाव घराघरांत गेलं. १९८३ च्या 'जाने भी दो यारो' या कुंदन शहांच्या सिनेमात 'खबरदार'ची संपादिका शोभा सेन झाली ती हीच. 'आई रिटायर होतेय' मधली आई हीच. 'गांधी विरुद्ध गांधी' मधली कस्तुरबा हीच. त्या नाटकाचे लेखक अजित दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, दोघं आपल्या औरंगाबादच्या मातीतले. १९९० ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. आणि १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून मुंबईला परतताना रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. वय बावन्न.

झालं चरित्र. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. आता पुस्तकात नसतं ते बोलू.

१९७२ साल ध्यानात ठेवा. त्या साली मराठवाड्यात दुष्काळ. बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं खडी फोडायला गेली, मुंबईला गेली, फुटपाथवर पडली. त्याच साली दलित पँथर उभी राहिली. त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि विजय तेंडुलकरांसारख्या मोठ्या नाटककाराला त्याच्या प्रस्तावनेत म्हणावं लागलं की यातल्या कैक शब्दांचे अर्थ आपल्याला ठाऊक नाहीत. आणि त्याच साली मुंबईत दूरदर्शनचा पडदा उजळला. म्हंजे एका बाजूला मराठीत कधी न छापलेली जीभ पहिल्यांदा छापली जात होती, आणि दुसऱ्या बाजूला एक घोटीव, इस्त्री केलेली मराठी घराघरांत शिरत होती. ती इस्त्रीची मराठी बोलणाऱ्यांत बर्वेबाई होत्या.

आणि तीनच वर्षांनी त्याच बाई रंगमंचावर फुलवाली मंजुळा म्हणून उभ्या राहिल्या. तोच गळा. सांगा, गंमत आहे की नाही?

नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ नाटक बर्नार्ड शॉचं, 'पिग्मॅलियन'. १९१३ ला पहिल्यांदा व्हिएन्नात झालं, १९१४ ला लंडनमध्ये. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात फुलं विकणारी एलायझा. तिची बोली गरीब लंडनकरांची, कॉकनी. उच्चारांचा एक प्राध्यापक पैज मारतो की हिला मी सहा महिन्यांत सरदारघराण्यातली बाई म्हणून खपवून दाखवतो. पु.लं.नी ती एलायझा मुंबईत आणली. तिची झाली मंजुळा, प्राध्यापक झाला अशोक जहागीरदार. प्राध्यापकाचं आडनाव बघा. जहागीर जमिनीचीच नसते, जिभेचीही असते.

लंडनमध्ये एलायझा पहिल्यांदा केली मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल या मोठ्या नटीनं, तेव्हा तिचं वय ४९. पुढं १९५६ ला अमेरिकेत त्याचं संगीत नाटक झालं, 'माय फेअर लेडी'. १९६४ ला सिनेमा झाला. त्यात ऑड्री हेपबर्न दिसते, पण तिची बहुतेक गाणी मार्नी नि‍क्सन नावाच्या दुसऱ्याच बाईच्या गळ्यातली. पडद्यावर एकीचं तोंड, मागं दुसरीचा आवाज. गरीब पोरीला आवाज देण्याच्या गोष्टीत सुद्धा आवाज कुणाचा आणि नाव कुणाचं, हा घोळ सुटत नाही.

आता माझा मुद्दा ऐका. हळू सांगतो.

सांगलीत जन्मलेली, आकाशवाणीत घासलेली एक बाई फुलवालीची बोली शिकते. शब्द कुठं तोडायचा, हेल कुठं काढायचा, कमरेवर हात कसा ठेवायचा, सगळं मेहनतीनं शिकते. लोक म्हणतात, काय अभिनय! काय कला! आणि नाटकातली फुलवाली प्राध्यापकाची बोली शिकते, तितक्याच मेहनतीनं. तेव्हा लोक म्हणतात, पोरगी सुधारली.

मेहनत एकच. जीभ वळवायची तीच. मग वरून खाली शिकलं तर कला आणि खालून वर शिकलं तर सुधारणा, हे दोन शब्द आले कुठून?

बर्वेबाईंनी हे तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं असं मी म्हणत नाही. त्यांनी ते करून दाखवलं. रोज रात्री पडदा वर गेला की त्या अशुद्ध बोलायच्या आणि तीन तासांत शुद्ध बोलायला लागायच्या. दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा पहिल्यापासून. शेकडो प्रयोग. एकाच बाईच्या एकाच गळ्यात दोन्ही भाषा राहू शकतात, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा कुठला पाहिजे? शुद्ध बोलणं रक्तात असतं, जातीत असतं, हे जे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं, ते त्या बाईच्या गळ्यानं रोज रात्री खोटं पाडलं. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं किती अंतरावर चाललंय ते बघा. 'न' म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागं टेकतं. 'ण' म्हणताना तेच टोक वर वळून टाळूला लागतं. म्हणून बघा आत्ता. पानी. पाणी. जीभ किती हलली? अर्धा इंच. या अर्ध्या इंचावर या राज्यात नोकरी ठरते, लग्न ठरतं, वर्गातली बाकाची जागा ठरते. आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यावर पाणी दिलं नाही, आणि आता वरून म्हणतात, आधी नीट 'पाणी' म्हण.

आणि हा शुद्धपणा काही आभाळातून पडलेला नाही. त्याला तारीख आहे. १८३१ ला मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजाचा मराठी कोश छापला गेला, त्याच्या हाताखाली ब्राह्मण शास्त्री होते. मग मेजर कँडी आला, त्यानं शाळेची पुस्तकं तपासली. पुण्याच्या पेठांतली बोली 'मराठी' झाली, बाकीच्यांच्या झाल्या 'बोली'. एका घराला बंगला म्हणायचं आणि शेजारच्या घराला आडोसा म्हणायचं, तसं हे.

नाटकात एक जागा आहे. मंजुळा एकटी रंगमंचावर आहे आणि प्राध्यापकावरचा सगळा राग बाहेर काढते. शॉच्या मूळ नाटकात असं स्वगत नाही. 'माय फेअर लेडी'त त्या जागी गाणं आहे. मराठीत पु.लं.नी त्याचं स्वगत केलं, आणि बर्वेबाईंनी त्याचं असं काही केलं की आजही नाटकाच्या शाळांत, एकांकिका स्पर्धांत, मुलाखतींत पोरी तेच स्वगत म्हणून दाखवतात. मोबाईलवर आहे, बघा. पण बघताना एक करा. पहिल्यांदा बाईकडं बघा. दुसऱ्यांदा आवाज मोठा करून नुसतं प्रेक्षकांचं हसू ऐका.

ते हसू कशाला आहे? रागाला आहे की उच्चाराला? मंजुळा चिडलीय. तिचा अपमान झालाय. ती सूड घ्यायचं स्वप्न बघतीय. आणि सभागृह हसतंय. बाईंची ताकद अशी की हसता हसता मधेच त्या थांबतात, नजर फिरवतात, आणि हसणाऱ्याला क्षणभर कळत नाही की आपण हसावं का. त्या एका क्षणासाठी मी त्यांना मोठी नटी म्हणतो. पण बाकीचा वेळ हसू उच्चारालाच आहे, हे कशाला लपवा?

हे हसू मला ओळखीचं आहे. मुंबईत एका कवितावाचनाला गेलो होतो. रात्रपाळी करून, अंगाला कोळशाचा वास, तसाच. वाचलं. कविता माझ्या आजीवर होती, बीडच्या भाषेत. समोरची माणसं हसली. कविता हसायची नव्हती, मयताची होती. नंतर परीक्षक गृहस्थ प्रेमानं म्हणाले, आशय चांगला आहे, उच्चारांवर काम करा. मी म्हणालो, साहेब, उच्चारांवर माझ्या आजीनं ऐंशी वर्षं काम केलंय.

आपल्या मराठवाड्याची बोली नाटकात आलीच नाही असं नाही. प्राध्यापक लक्ष्मण देशपांडेंनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधनं ती जगभर नेली. एकट्या माणसानं अख्खं गाव उभं केलं. त्यांच्यानंतर आपल्या बीड जिल्ह्याचे संदीप पाठक ते करतात. मी पोट धरून हसलोय. पण प्रश्न उरतोच. आपली 'काय करायलास?' नाट्यगृहात घ्यायची ती हसवायलाच का? आपल्या बोलीत प्रेम करत नाहीत? आपल्या बोलीत कुणी मरत नाही? केज तालुक्यातून गेलेल्या वामन केंद्रेंनी उत्तम बंडू तुपेंच्या कादंबरीवरचं 'झुलवा' बसवलं, जोगतिणींचं जगणं मांडलं, तेव्हा सभागृहाला गप्प बसावं लागलं. होतं, करता येतं. केलं पाहिजे.

आता कष्टाबद्दल बोलू, कारण मला कळतं ते तेवढंच. गोदीत पाठ वापरतो, खांदा वापरतो. नटी गळा वापरते. बसमधनं दौरा, रात्री प्रयोग, पहाटे पुढचं गाव, दुपारी पुन्हा प्रयोग. ताप असला तरी तिसरी घंटा व्हायची तेव्हा होते. बाई मेल्या त्या गादीवर नाही, कामावरून परतताना रस्त्यावर. कामावरून परतताना रस्त्यावर मरणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. दरसाल दिवाळीनंतर इथून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जातात. त्यातली किती माणसं घाटात राहतात ते तुमच्या-माझ्या गावात विचारा. फरक एवढाच की बर्वेबाई गेल्या तेव्हा महाराष्ट्र हळहळला. तो हळहळला ते बरोबरच. पण हळहळ पुरवून वापरायची गोष्ट आहे काय?

त्यांच्याबरोबर अजून एका बाईचं नाव घेतल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५. तमाशाची राणी. बर्वेबाई गेल्या फेब्रुवारी २००१ मध्ये, विठाबाई गेल्या जानेवारी २००२ मध्ये. अकरा महिन्यांचं अंतर. पोटूशी असताना फडात नाचली, कनातीमागं बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर आली, हा तिचा किस्सा महाराष्ट्रभर सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला आणि शेवट गरिबीत गेला. दवाखान्याच्या बिलाला लोकांनी पैसे जमवले. आता सरकार तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

विठाबाईला मंजुळाची बोली शिकावी लागली नसती. ती तिच्या तोंडातच होती. पण विठाबाईनं केलं तो 'तमाशा', आणि तीच बोली शिकून बर्वेबाईंनी केली ती 'अजरामर भूमिका'. यात बर्वेबाईंचा दोष शून्य. त्यांनी आपलं काम चोख केलं. दोष त्या दाराचा, ज्यातून मंजुळाची बोली आत जाते आणि मंजुळा बाहेर राहते. पन्नास वर्षं होऊन गेली नाटकाला. बर्वेबाईंनंतर अमृता सुभाष झाली फुलराणी, हेमांगी कवी झाली. चांगल्या नट्या. पण सिग्नलला गजरे विकणाऱ्या वस्तीतून उठून कुणी पोरगी त्या भूमिकेपर्यंत पोचेल, असा रस्ता कुणी बांधला?

बर्वेबाईंनी दूरदर्शनवर अजून एक भूमिका केली, बहिणाबाई चौधरींची. ती मला फुलराणीपेक्षा जवळची वाटते. बहिणाबाईंना अक्षर ओळख नव्हती. जात्यावर, शेतात, तोंडानं ओव्या जोडल्या. १९५१ ला गेल्या, १९५२ ला पुस्तक निघालं, आणि महाराष्ट्र थक्क झाला. खानदेशची बोली, त्यातलं एक अक्षर कुणी 'शुद्ध' केलं असतं तर कविता मेली असती. तिथं प्राध्यापक लागला नाही. तिथं शिकायची पाळी वाचणाऱ्यावर आली. मंजुळा प्राध्यापकाकडं शिकायला जाते, बहिणाबाईंकडं प्राध्यापक शिकायला जातो. एकाच बाईनं या दोघी केल्या. मला कुणी विचारलं की तुझी बाजू कुठली, तर मी बहिणाबाईंच्या बाजूला उभा आहे.

आणि अजून मागं जा. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. त्यात कुणबी आहे, त्याची बायको जोगाई आहे, त्यांना लुबाडणारा जोशी आहे. ती दोघं आपल्या भाषेत बोलतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक घेतलं नाही. शेवटाला ती दोघं नवरा-बायको शिकायला निघतात, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत. कुणी पैज लावली म्हणून नाही. आपण फसवले गेलो हे कळलं म्हणून. 'ती फुलराणी'च्या बरोबर १२० वर्षं आधी! जोगाई आणि मंजुळा दोघी शिकतात. मंजुळाला शिकवणारा पैज जिंकतो आणि ती विचारते, आता मी कुठली? जोगाईला हा प्रश्न पडत नाही. कारण ती कुणासारखी दिसायला शिकत नाही, समजून घ्यायला शिकते.

मग काय करायचं? प्रमाणभाषा फेकून द्यायची? अजिबात नाही. बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, इंग्रजीत ग्रंथ लिहिले, जगाच्या सभेत जगाच्या भाषेत बोलले. भाषा हत्यार आहे. गोदीत आमच्याकडं गोणी ओढायचा हूक असायचा, जुने लोक सांगतात. हूक हातात धरायचा, खांद्यावर टाकायचा, काम झालं की खुंटीला लावायचा. हूक कुणी काळजात रुतवून घेत नाही. प्रमाणभाषा अशी वापरा. मुलाखतीला, कोर्टात, अर्जाला, बातम्या वाचायला सुद्धा. पोरींनो, तुमच्यातली कुणी उद्या टीव्हीवर बातम्या वाचत असेल तर मला आनंदच आहे. बर्वेबाई वाचायच्या तशा, खणखणीत. पण घरी आल्यावर आईला 'काय करायलीस गं?' म्हणायला जीभ अडखळली, तर समजा हूक रुतला.

कारण बातमीत आपण असतो आणि आपला आवाज नसतो. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. विधानभवनात चर्चा झाली, समिती नेमली. बातमी वाचणारी शुद्ध बोलत होती, तज्ज्ञ शुद्ध बोलत होते. जिच्या पोटावर टाके होते ती बाई पडद्यावर किती वेळ होती? पाच सेकंद, तीही पदर तोंडावर. तिचं बोलणं कापलेलं, वर दुसऱ्याच बाईचा आवाज. पुन्हा तेच, तोंड एकीचं, गळा दुसरीचा.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ढोल वाजले. आपण ज्या गावात बसलोय, त्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, ज्यांना आद्यकवी म्हणतात. त्यांनी 'विवेकसिंधु' मराठीत लिहिला तेव्हा शुद्ध काय होतं? संस्कृत. मराठी तेव्हा मंजुळा होती. अख्खी मराठी भाषाच एकदा अशुद्ध होती, हे या गावानं तरी विसरू नये.

शेवटचं सांगतो आणि बसतो. माझी सूचना साधी आहे. आपण एक नाटक बसवू. फुलराणीची नक्कल नको, आपलं. कोयता घेऊन गेलेली पोरगी कारखान्यावरून परत आली आहे. तिच्याकडं एक शिकलेला माणूस येतो, तिची मुलाखत घ्यायला. त्याला तिचं बोलणं कळत नाही. कोपी म्हणजे काय, उचल म्हणजे काय, खाडा म्हणजे काय. ती त्याला एकेक शब्द शिकवते, तो चुकतो, ती पुन्हा म्हणायला लावते. लोकांना हसू द्या, पण त्याच्या उच्चाराला. पोरीची भूमिका इथल्याच पोरीनं करायची. आणि प्रवेशाला पडदा नसला, माईक नसला तरी चालेल. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. ते बर्वेबाईंकडून शिका. त्यांच्याकडून घ्यायचं ते तेवढं, आणि ते थोडं नाही.

तालीम रविवारपासून. पहिलं नाव कोण देतंय?